वायपर मध्येच थांबतो, पाणी उडत नाही: मोटर बदलण्याआधी हे तपासा

खारघरहून आलेला प्रश्न असा आहे. सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, रोज पाम बीच मार्गाने ये-जा. वायपर बंद केला की जिथे असेल तिथेच काचेवर अडकून राहतो. काचेवर पाणी मारायला स्टिअरिंगजवळची दांडी ओढली की आवाज येतो, पाणी येत नाही. दोन्ही ब्लेड नवीन टाकले, तरी ड्रायव्हरच्या बाजूचा थरथरतो आणि नेमका नजरेसमोर ओला पट्टा सोडतो. गॅरेजवाल्याने मोटरची पूर्ण असेंब्ली आणि वॉशरचा पंप, दोन्ही बदलायला सांगितलंय. बदलावं का?

अजून नको. ह्या तीन तक्रारी एकाच वेळी आल्या म्हणून एकाच कारणाच्या ठरत नाहीत. वायपर चालतोय, म्हणजे मोटर जिवंत आहे. पंपाचा आवाज येतोय, म्हणजे त्याच्यापर्यंत करंट पोचतोय. आणि थरथरणाऱ्या ब्लेडचा मोटरशी काडीचाही संबंध नसतो. मी ठाण्यात वागळे इस्टेटला गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. जून उजाडला की वायपरच्या गाड्यांची रांग लागते, आणि त्यात मोटर खरोखर जळालेल्या गाड्या थोड्याच निघतात. बहुतेकांचा दोष मोटरच्या आधी किंवा मोटरच्या पुढे असतो. तो कुठे आहे हे वायपर स्वतःच सांगत असतो, फक्त तो कसा बिघडलाय ते नीट बघावं लागतं. त्यासाठी आतली रचना थोडी माहीत हवी.

बोनेट उघडलं की काचेच्या पायथ्याशी काळी प्लॅस्टिकची जाळी दिसते. मोटर तिच्याखाली असते. बारा व्होल्टची डीसी मोटर, आत कायमचे चुंबक. तिच्या शाफ्टच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात. ते आटे नायलॉनच्या एका दातेरी चाकाला फिरवतात आणि तिथे वेग एकदम खाली येऊन ताकद वाढते. मोटर मिनिटाला हजारोंनी फेरे घेत असली तरी चाक कमी वेगावर साधारण ४०–४५ आणि जास्त वेगावर ६०–७० फेरेच घेतं. चाकाच्या शाफ्टवर एक छोटा क्रँक, म्हणजे गोल फिरणारी आखूड पट्टी, क्रँकला जोडलेले दोन लोखंडी रॉड, आणि रॉडच्या टोकाला ते दोन खुंटे ज्यांच्यावर वायपरचे आर्म बसतात. चाकाचा एक फेरा झाला की वायपर एकदा जाऊन परत येतो. म्हणजे बहुतेक साध्या गाड्यांत मोटर कधीच उलटी फिरत नाही, ती एकाच दिशेला फिरते आणि ये-जा होते ती क्रँकमुळे. अलीकडच्या काही महाग गाड्यांत खुद्द मोटरच दिशा बदलते आणि तिच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं. ते प्रकरण वेगळं, तुमच्या गाडीत ते नसावं.

दोन वेग येतात ते कार्बन ब्रशमुळे. साध्या मोटरला दोन ब्रश पुरतात, वायपरच्या मोटरला तीन असतात. एक अर्थचा (म्हणजे गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारा), एक त्याच्या बरोबर समोर कमी वेगाचा, आणि तिसरा थोडा तिरका सरकवून बसवलेला. तिसऱ्यातून करंट गेला की फिरणाऱ्या कॉइलमध्ये उलट तयार होणारं व्होल्टेज कमी पडतं, म्हणून मोटर जास्त पळते आणि करंटही जास्त ओढते. व्यवहारात ह्याचा उपयोग असा: वायपर एका वेगावर चालतोय आणि दुसऱ्यावर मेलाय, तर फ्यूज आणि अर्थ दोन्ही ठीक आहेत. मग स्विच, त्या वेगाची वायर किंवा तो एक ब्रश, एवढंच बघायचं उरतं. दोन्ही वेगांवर वायपर रेंगाळत असेल तर मात्र आधी अर्थची वायर बघा. खाडीजवळच्या गाड्यांत बॉडीला जिथे अर्थ जोडलेला असतो तो बोल्ट गंजतो, मोटरला बाराऐवजी नऊ-दहा व्होल्ट मिळतात, आणि बिचाऱ्या मोटरवर आळ येतो.

आता तुमची पहिली तक्रार, मध्येच थांबण्याची. आमच्याकडे ह्याला ‘पार्किंग लागत नाही’ म्हणतात.

तुम्ही दांडी बंद करता तेव्हा वायपर काचेच्या मध्यावर असो की टोकाला, तो खाली येऊन जागेवर बसायला हवा. दांडी बंद झाली म्हणजे मुख्य करंट तुटला, मग त्याला खाली आणतं कोण? त्या नायलॉनच्या चाकावर एक तांब्याची किंवा पितळेची चकती बसवलेली असते आणि तिच्यावर स्प्रिंगच्या पातळ पट्ट्या घासत राहतात. चकतीला एका ठिकाणी खाच असते. वायपर खाली नसेल तोपर्यंत ह्या पट्ट्या इग्निशनचा करंट दुसऱ्या वाटेने मोटरला देत राहतात, दांडी बंद असली तरी. वायपर खाली पोचला की खाच पट्टीखाली येते आणि ती दुसरी वाट तुटते. पण नुसता करंट तोडला तर वेगात असलेली मोटर आणखी थोडी पुढे जाईल. म्हणून त्याच क्षणी तीच पट्टी मोटरची वायर अर्थला जोडते. फिरणारी मोटर तेव्हा जनरेटर झालेली असते. तिचीच वीज तिच्यातच शॉर्ट होते आणि ती जागच्या जागी गच्च थांबते. वेगळा ब्रेक नाही, वेगळा भाग नाही, एका चकतीत दोन्ही कामं. गाडीतल्या इलेक्ट्रिकल कामांमध्ये मला हे सर्वांत हुशारीचं वाटतं.

ह्यावरून निदान आपोआप निघतं. दांडी बंद करताच वायपर तिथल्या तिथे थांबत असेल, तर त्याला ‘दुसऱ्या वाटेचा’ करंट मिळत नाहीये. उलट, बंद केल्यावरही वायपर थांबतच नसेल, खाली येऊन पुन्हा वर जात असेल, तर अर्थचा ब्रेक लागत नाही किंवा रिले, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच, चिकटलाय. वायपर थांबतो व्यवस्थित पण काचेच्या तळापासून दोन बोटं वर, तर इलेक्ट्रिकलचा दोषच नाही. आर्म काढून बसवताना कुणीतरी खुंट्यावरचे एक-दोन दाते चुकवलेत.

आणखी एक खात्रीची खूण आहे. दांडी इंटरमिटंटवर ठेवा, म्हणजे थांबून थांबून चालणाऱ्या टप्प्यावर. ह्या टप्प्यात रिले मोटरला फक्त एक छोटासा धक्का देतो आणि बाकीचा फेरा पार्किंगची चकतीच पूर्ण करते. चकतीची वाट मेली असेल तर वायपर दर काही सेकंदांनी जरासा उचकतो आणि तिथेच थांबतो. तुमच्या गाडीत असं होत असेल तर अर्धं निदान घरबसल्या झालं.

उरलेलं निदान टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर घेऊन पाच मिनिटांत होतं. इग्निशन चालू, दांडी बंद, वायपर काचेच्या मध्ये अडकलेला. मोटरच्या कनेक्टरवर पार्किंगची वायर कोणती ते बघून तिच्यावर व्होल्टेज मोजायचं. त्याआधी, मोटरला इग्निशनचा कायमचा करंट देणाऱ्या वायरवर बारा व्होल्ट येतात ना, हेही बघायचं. येतच नसतील तर फ्यूज किंवा वायरिंग. येतात पण पार्किंगच्या वायरवर पुढे जात नाहीत, तर दोष मोटरच्या झाकणाखालच्या चकतीत. पार्किंगच्या वायरवरही येतात आणि तरी मोटर हलत नाही, तर स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच (दांडी ज्याला जोडलेली असते तो) किंवा रिले. म्हणजे तीन शक्यता, आणि त्यातल्या दोन मोटरच्या बाहेरच्या. हे न मोजता ‘मोटर गेली’ म्हणणारा माणूस अंदाजावर तुमचे पैसे खर्च करतोय.

चकतीचाच दोष निघाला तरी लगेच नवीन मोटर घ्यायला नको. बऱ्याच मोटरींचं गिअरकडचं झाकण तीन-चार स्क्रूंवर असतं. ते उघडलं की आतलं ग्रीस दिसतं. चांगल्या मोटरमध्ये ते पिवळसर, मऊ असतं. खाडीकाठच्या आणि पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ते काळं, घट्ट झालेलं आणि कडेने हिरवट असतं. तो हिरवा रंग म्हणजे तांब्यावर चढलेला कळंक. पट्टी आणि चकती ह्यांच्यात तो बसला की करंट जात नाही. जुनं ग्रीस पुसून काढायचं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, चकती कापडाने चकाकेपर्यंत पुसायची, पट्ट्यांचं टोक नखाने अगदी हलकंसं पुढे आणायचं म्हणजे दाब येतो, आणि नवीन ग्रीसचा पातळ हात. पॉलिश पेपरने खसाखसा घासू नका, पट्टीवरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसात तीच तक्रार. काही मोटरींचं झाकण रिव्हेट मारून बंद केलेलं असतं आणि चकती झाकणातच असते. तिथे झाकण सुटं मिळालं तर ठीक, नाहीतर मोटर बदलावी लागते.

एक सावधगिरी. हे काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असू द्या. वायपरचे रॉड कात्रीसारखे मिटतात, मोटरमध्ये ताकद भरपूर असते, आणि आत बोट असताना कुणी दांडीला हात लावला तर बोट वाचत नाही. क्रँक मोटरवरून काढायचा असेल तर आधी खूण करून ठेवा.

जाता जाता, थांबून चालणाऱ्या ह्या वायपरमागे मोठी कोर्टकचेरी झालेली आहे. अमेरिकेतल्या रॉबर्ट कर्न्स नावाच्या इंजिनिअरने १९६० च्या दशकात ह्याचं इलेक्ट्रॉनिक सर्किट बनवून पेटंट घेतलं. पुढे मोठ्या मोटार कंपन्यांशी तो वर्षानुवर्षं लढला, आणि १९९० मध्ये फोर्डने त्याला एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम देऊन तडजोड केली. त्याआधीची गंमत आणखी जुनी. वायपरचं एक सुरुवातीचं पेटंट १९०३ मध्ये मेरी अँडरसन ह्या बाईंच्या नावावर आहे, त्यात आत बसून हाताने दांडा फिरवायचा होता. मग बरीच वर्षं अमेरिकेत इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारे वायपर होते. ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम कमी, आणि व्हॅक्यूम कमी की वायपर मंद. घोडबंदरचा गायमुखचा चढ भर पावसात तसल्या वायपरने चढायचा, हा विचार करून बघा.

तुमची गाडी साधी असली तरी पाऊस ओळखून वायपर आपोआप चालवणाऱ्या रेन सेन्सरबद्दल लोक हल्ली फार विचारतात, म्हणून दोन वाक्यं. आरशामागे काचेला चिकटलेल्या डबीतून न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश काचेत तिरका सोडतात. काच कोरडी असेल तर तो आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो, बाहेर पाण्याचा थेंब बसला की त्यातला काही बाहेर निसटतो, आणि परतीचा प्रकाश जितका घटला तितका वायपर जोरात. समोरची काच बदलल्यावर सेन्सर वेड्यासारखा वागत असेल तर त्याच्या आणि काचेच्या मधल्या जेलच्या पॅडमध्ये हवेचे बुडबुडे राहिलेत का, हे पहिल्यांदा बघा.

रॉड आणि बुशकडे लोकांचं लक्ष जात नाही. रॉडच्या टोकाला नायलॉनचा वाटीसारखा बुश असतो, तो क्रँकच्या गोळीवर दाबून बसतो. बुश झिजला की वायपर प्रत्येक टोकाला ‘टक’ करतो, शेवटी काचेच्या कडेच्या खांबावर आपटतो, आणि एके दिवशी भर पावसात बुश गोळीवरून उडतो. मोटर फिरल्याचा आवाज येतो, वायपर ढिम्म. फक्त एकच वायपर थांबला आणि दुसरा चालतोय, तर मोटर बघायचीच नाही: एकतर त्या बाजूचा बुश, नाहीतर आर्मचा नट ढिला होऊन दाते गुळगुळीत झालेत. खुंट्यांमध्ये गंज धरून ते जड झाले असतील तर मोटरवर भार येतो. मोटरमध्ये बहुधा गरम झाल्यावर करंट तोडणारा छोटा कटआउट असतो. मग वायपर थोडा वेळ चालतो, थांबतो, दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा चालतो. असं चक्र दिसलं की आर्म काढून खुंटा हाताने फिरवून बघा. तो सहज फिरायला हवा.

आता थरथर आणि पट्टा. हा सगळ्यात जास्त गैरसमजाचा भाग आहे.

वायपर काच कोरडी करत नाही. जास्तीचं पाणी बाजूला ढकलून तो मागे अतिशय पातळ, एकसारखा थर सोडतो. थर सपाट असला की समोरचं स्वच्छ दिसतं. थर फाटून थेंब झाले की प्रत्येक थेंब भिंगाचं काम करतो आणि सायन-पनवेल महामार्गावर रात्री समोरून येणाऱ्या ट्रेलरच्या दिव्याचे शंभर दिवे होतात. हा थर सपाट बसणं जितकं ब्लेडवर अवलंबून आहे तितकंच काचेवर. लोक ब्लेड बदलतात आणि काच तशीच ठेवतात, म्हणून नवीन ब्लेडही तसाच पुसतो.

ब्लेडच्या रबराची धार जवळून बघितली तर ती टोकदार नसते, चौकोनी कापलेली असते, दोन काटकोनी कडांची. धारेच्या वर रबर एकदम बारीक केलेलं असतं, तिथे ते वाकतं. जाताना धार एका बाजूला कललेली असते, परत येताना ती उलटून दुसऱ्या बाजूला कलते, म्हणजे नेहमी धारेची मागून येणारी कड पाणी ओढते. फरशी पुसायचा घरातला वायपर तुम्ही ढकलत नाही, ओढता, तेच इथे दोन्ही दिशांना व्हायला हवं. धार उलटलीच नाही तर ब्लेड रबर ओढण्याऐवजी ढकलतो, आणि ढकललेलं रबर काचेवर उड्या मारतं. तीच तुमची थरथर.

ती का उलटत नाही हे दिशेवरून कळतं. थरथर फक्त जाताना किंवा फक्त येताना होत असेल तर आर्म पिळला गेलाय. गाडी धुणाऱ्याने आर्म ओढला, वॉशिंग सेंटरच्या ब्रशमध्ये अडकला, काहीही झालेलं असतं. वायपर काचेच्या मध्यावर असताना इग्निशन बंद करा, ब्लेड काढा आणि आर्मच्या हुकाचा चपटा भाग काचेला समांतर आहे का ते बाजूने डोळा लावून बघा. तिरका दिसला तर दोन पान्यांनी अगदी थोडा पिळून सरळ करता येतो. पण ब्लेड काढल्या काढल्या काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा. स्प्रिंगचा आर्म हातातून सुटला तर उघडं लोखंड काचेवर आपटतं, आणि मग वायपरच्या तक्रारीचं बिल समोरच्या काचेच्या बिलात बदलतं.

थरथर दोन्ही दिशांना असेल तर काचेवर तेलकट थर आहे. आपल्याकडे हा थर फार चटकन बसतो. तुर्भे-महापे पट्ट्यातला धूर, जेएनपीटीकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या चाकांमागून उडणारा डिझेलमिश्रित चिखल, डॅशबोर्डला मारलेल्या चकाकीच्या स्प्रेचे उडालेले कण, आणि वॉशिंगवाल्यांचा वॅक्सवाला शाम्पू. काचेवर मगभर पाणी ओता. ते एकसंध चादरीने खाली आलं तर काच स्वच्छ. ते जागोजागी फाटून थेंबांत गोळा झालं तर तेल. भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा. तेवढ्याने गेलं नाही तर काचेसाठीची क्ले, म्हणजे चिकटलेली घाण उचलणारा मऊ गोळा. रबराची धारही अल्कोहोलच्याच कापडाने पुसा, कापड काळं येईल. ते नवीन ब्लेडलाही येतं, घाबरू नका. रॉकेल, डिझेल, पेट्रोल रबराला लावू नका, रबर फुगतं आणि धार जाते. भर पावसात वायपर मेला तर काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायची ट्रकवाल्यांची जुनी युक्ती आहे. तिच्यामागचं कारणही हेच: थेंब मोडून पाणी चादरीसारखं उतरतं. रस्त्याच्या कडेला थांबून घरी पोचण्यापुरती ती चालते, रोजचा उपाय नव्हे.

पाणी थेंबांत पळवणारं कोटिंग काचेला लावलं असेल तर कमी वेगावर थोडी थरथर राहते. मला स्वतःला शहरातल्या गाडीला ते कोटिंग लावण्यात अर्थ वाटत नाही. ज्या वेगाला वारा थेंब उडवतो तो वेग आपल्याला माजिवड्याला किंवा वाशी टोलनाक्याला कधी मिळतो?

आणि कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवू नका. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची सिमेंट आणि रेतीची धूळ काचेवर असते. तीवर एकदा जरी रबर फिरलं तर काचेवर अर्धवर्तुळाकार ओरखडे पडतात, आणि ते पॉलिशनेही पूर्ण जात नाहीत. सकाळी मगभर पाणी, मग वायपर. ब्लेड घेताना दोन्ही बाजूंची लांबी गाडीच्या पुस्तकातून बघून घ्या. अनेक गाड्यांत ड्रायव्हरकडचा लांब, शेजारचा आखूड असतो. दुकानदार सारखेच दोन देऊ लागला तर घेऊ नका, ते एकमेकांवर आपटतात.

तिसरी तक्रार पाण्याची. वॉशरचा पंप म्हणजे टाकीच्या तळाशी रबरी ग्रोमेटमध्ये (भोकात बसवलेल्या कड्यात) खुपसलेली छोटी मोटर आणि तिच्या टोकाला पाणी फेकणारं चक्र. हा पंप पाणी वर ओढत नाही, पाणी त्याच्याकडे आपोआप आलेलं असावं लागतं, म्हणून तो तळाशी असतो. पाणी नसताना चालवला तर चक्र आणि सील कोरडे घासतात. दांडी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त ओढून धरू नका.

तुमच्याकडे आवाज येतोय, तेव्हा आवाजाची जात ऐका. बारीक, मोकळा, पळता आवाज म्हणजे पंपाला पाणी मिळत नाही: टाकी रिकामी, ग्रोमेटमधली जाळी शेवाळ्याने बुजलेली किंवा आतलं चक्र शाफ्टवरून सुटलेलं. जड, दबका आवाज म्हणजे पंप पाणी ढकलतोय पण पुढे वाट बंद आहे. पहिल्यांदा टाकी भरून गाडीखाली बघा. दांडी ओढल्यावर पुढच्या चाकाजवळ पाणी गळत असेल तर पाइप सुटलाय किंवा उंदराने कुरतडलाय. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर बोनेटखाली येतात आणि वॉशरचा मऊ पाइप त्यांना फार आवडतो. दरवर्षी बघतो मी हे.

गळत नसेल तर मधूनच सुरुवात करायची. बोनेटच्या बिजागरीजवळ पाइपचा जोड असतो, तो काढा आणि कुणाला तरी दांडी ओढायला सांगा. तिथे जोरात पाणी आलं तर पंप निर्दोष, दोष पुढे नोझलमध्ये. आलं नाही तर दोष मागे. एका जोडातच अर्धी गाडी तपासून होते. बिजागरीच्या वळणावर पाइप पिचकून बसलेला सापडणं तर नेहमीचं आहे.

दांडी ओढल्यावर पाणी दोन-तीन सेकंद उशिरा येत असेल, तर पाइपमधला एकदिशा वाल्व गेलाय. पाइपातलं पाणी टाकीत परत उतरतं आणि प्रत्येक वेळी पाइप नव्याने भरावा लागतो. मागच्या काचेलाही वॉशर असलेल्या हॅचबॅकमध्ये पुष्कळदा एकच मोटर दोन्ही दिशांना फिरते, एका दिशेला पुढचं पाणी आणि दुसऱ्या दिशेला मागचं. त्यातला पडदा फाटला की पुढचं बटण दाबल्यावर मागे पाणी जातं. तुमच्या मागच्या काचेवर पाणी येतं का, ते बघा. आणि डिकीतलं कार्पेट ओलं लागलं तर छतातून मागे जाणारा पाइप डिकीच्या दाराशी तुटला असण्याची शक्यता मोठी.

नोझल बुजलं असेल तर साध्या गोळीच्या नोझलमध्ये शिवणाची बारीक सुई घालून साफ होतं, त्याच सुईने दिशाही बदलता येते. धार काचेच्या मधल्या उंचीच्या थोडी वर मारा, गाडी पळताना वारा ती खाली दाबतो. पंख्यासारखा फवारा मारणाऱ्या नोझलमध्ये मात्र सुई घालू नका, आतली वळणं बिघडतात. ते काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. कारण आत असतो तो पांढरा क्षार. टँकरचं किंवा बोअरचं पाणी टाकीत भरलं की हे होणारच. आणि आरओच्या फिल्टरमधलं टाकाऊ पाणी तर कधीच नको, त्यात क्षार सर्वांत जास्त. नळाचं पाणी चालेल, फिल्टरचं गाळलेलं अधिक चांगलं. कपड्यांची पावडर टाकणाऱ्यांच्या नोझलमध्ये मी अक्षरशः खडे काढलेत. वॉशरसाठीचं तयार द्रावण घ्या, सांगितलेल्या प्रमाणात. नुसतं साधं पाणी महिनोन्‌महिने टाकीत राहिलं तर त्यात जंतू वाढतात. साध्या पाण्याच्या टाकीचा आणि लीजिओनेला नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा संबंध २०१० मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसला होता. डिसेंबरात लेह किंवा स्पितीकडे निघालात तर न गोठणारं द्रावण लागेल, ठाण्या-बेलापुरात त्याची गरज नाही. टाकीच्या झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र असतं. शेजारी कूलंटची टाकी असते, तिच्यात साबणाचं पाणी ओतलेल्या गाड्या दर पावसाळ्यात येतात.

शेवटचं म्हणजे ती काळी जाळी. तिच्याखाली पाणी निचरायची भोकं असतात. सोसायटीतल्या गुलमोहराच्या किंवा पर्जन्यवृक्षाच्या झाडाखाली गाडी लागत असेल तर बारीक पानांचा लगदा होऊन ती भोकं बुजतात, पाणी तुंबतं आणि मोटर त्यात उभी राहते. चकतीवरचा कळंक बऱ्याचदा इथूनच सुरू होतो. पायाखालचं मॅट विनाकारण ओलं होत असेल तर त्याचंही कारण हेच असू शकतं. मेअखेर जाळी काढून हाताने पानं उपसून टाका.

तेव्हा गॅरेजवाल्याला असं सांगा: पार्किंगच्या वायरवर व्होल्टेज मोजून दाखवा, बिजागरीपाशी पाइप काढून पाणी दाखवा, आणि ड्रायव्हरकडचा आर्म सरळ आहे का ते दाखवा. ही तिन्ही कामं तुमच्यासमोर अर्ध्या तासात होतात. टाळाटाळ केली तर दुसरीकडे न्या, पण पावसात तशीच चालवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत चालू स्थितीतला वायपर बंधनकारक आहे, आणि अपघात झाला तर हा मुद्दा तुमच्यावर उलटू शकतो. मोटर बदलावीच लागेल अशा खुणा वेगळ्या आहेत: नायलॉनचे दाते उडून आत करकर आवाज येणं, जळका वास, ब्रश संपून मोटरला टपली मारल्याशिवाय न फिरणं, किंवा रिव्हेटच्या झाकणातली चकती जळणं. तसं निघालं आणि कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरमधून मोटर घ्यायची ठरली, तर पार्ट नंबर जुळवून घ्या. काही मॉडेलांत डाव्या स्टिअरिंगच्या गाडीची मोटर आपल्या गाडीत बसते, कनेक्टरही लागतो, पण पार्किंगची जागा वेगळी असल्याने वायपर काचेच्या भलत्याच ठिकाणी जाऊन थांबतो.